मुकुटाच्या सरी

आमच्या गावचा राजा वारला, तेव्हा त्याचा मुकुट रिकाम्या आसनावर ठेवला होता. राजाचा चेहरा झाकणाऱ्या मण्यांच्या सरी त्याला लोंबत होत्या. आसनावर कोणी नव्हतं, तरी त्या सरी हलत होत्या. आत, बाहेर. झोपलेल्या माणसाच्या नाकापुढे धरल्यासारख्या.

"वारा असेल," राजा निवडणारे सरदार म्हणाले.

"केळीचं पान हलत नाही, आणि म्हणे वारा! माझ्या भावाला हा मुकुट घालू नका," मी म्हटलं.

"इफा दैवताचा कौल त्याच्याच नावाने पडलाय, पोरी. तू गप्प बस."

माझा भाऊ अडेगोरोये कसंनुसं हसला. त्याला राजा व्हायचंच नव्हतं, त्याचं टायरचं दुकान बरं चाललं होतं. "ताई, जड वाटला तर तुझ्या डोक्यावर ठेवीन."

"अजून पळ, मूर्खा," मी म्हटलं.

राज्याभिषेकाच्या दिवशी तो त्या आसनावर बसला. राजाने मुकुटाची आतली बाजू बघायची नसते, म्हणून वाड्यातल्या म्हातारीने तो मागून चढवला. भावाचा चेहरा सरींमागे गेला.

मिरवणुकीत भर उन्हात नाचून आलेला तो, छाती भात्यासारखी चालली होती. सरी मात्र त्यांच्या त्याच संथ लयीत हलत होत्या.

"काबियेसी!" असा राजाचा जयघोष करत पुरुष पालथे पडले, बायका गुडघ्यांवर आल्या. मी उभीच राहिले.

"गोरोये!" मी घरच्या नावाने हाक मारली.

"ते नाव संपलं आता," सरदार खेकसले.

मी त्याच्या छातीकडे बघत होते. ती मंदावत गेली. मग सरींच्या आधी नाही, नंतर नाही, सरींबरोबर हलू लागली.