एकशेचोवीस

“तुझा किती?” बाईंनी चालता चालता विचारलं.

सुनेने मनगट वळवून पाहिलं. “एकशेचोवीस.”

बाई थबकल्या. त्यांनी स्वतःच्या मनगटाकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. तिथेही एकशेचोवीसच होते.

हा आकडा महिनाभर त्यांच्या मुळावर उठला होता. महिन्यापूर्वी त्यांच्या हृदयाने जराशी कुरकुर केली, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, रोज चाला, पण ठोके मिनिटाला एकशेदहाच्या वर जाऊ देऊ नका. मुलाने लगेच ठोके मोजणारी दोन घड्याळं आणली. एक आईच्या मनगटाला, एक बायकोच्या. आणि बायको आईच्या सोबतीला दिली. रोज नाश्त्याला तो मोबाइलवर आकडा बघायचा आणि कपाळाला हात लावायचा. काल त्याने निकालच लावला. “आई, आता आणखी एकदा जरी वर गेला ना, तर बाहेर फिरणं बंद. घरातच फेऱ्या मार.”

घरात! म्हणजे सोफ्याला वळसा, टेबलाला वळसा. बाईंना बाग हवी होती, आणि खरं सांगायचं तर एकटीला हवी होती. ही उंच, अबोल सून म्हणजे मुलाने बसवलेला पहारा, अशी त्यांची पक्की समजूत. तिला मागे टाकावं म्हणून त्या मुद्दाम झपाझप चालायच्या. पण पहारा कसला मागे राहतोय! रोज आपला खांद्याला खांदा लावून हजर.

आज मात्र बाईंच्या डोक्यात वेगळाच किडा वळवळला. छत्तीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं. दोन वह्यांत एकच चुकीचं उत्तर दिसलं की त्या दोघांनाही उभं करायच्या.

“मी सत्तरीची, तू पस्तिशीची,” त्या म्हणाल्या. “आपले ठोके सारखे येतातच कसे? कुठेतरी पाणी मुरतंय. बस इथे बाकावर. मानेवर दोन बोटं ठेव. जबड्याखाली, जरा बाजूला. अगं, अंगठा नको! अंगठ्याला स्वतःची नाडी असते, तो मध्येच चोंबडेपणा करतो. हं, पंधरा सेकंद मोज.”

सून पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी डोळे मिटून मोजू लागली.

“एकवीस.”

“माझे चोवीस. चाराने गुण.”

“माझे चौऱ्याऐंशी. तुमचे शहाण्णव.” सुनेने डोळे उघडले. “आई, तुम्ही पास!”

“एवढ्यात पेढे वाटू नकोस. उत्तर का चुकलं ते कळेपर्यंत गणित सुटलं म्हणायचं नाही. मिनिटाला एकशेचोवीस, म्हणजे पंधरा सेकंदांत एकतीस. आपल्या दोघींच्या अंगात एकतीस वेळा काय होतंय, ते शोधायचं. चल, ऊठ.”

दोघी पुन्हा चालू लागल्या. श्वास मोजले, ते फारच कमी भरले. मग सुनेची नजर खाली गेली आणि तिने बाईंचा दंडच धरला. “आई, पाय!”

मोजले. एकतीस. पुन्हा मोजले, पुन्हा एकतीस.

“बघ, म्हणजे असं आहे,” बाईंचा आवाज फळ्यापुढचा झाला. “हे घड्याळ कातडीखाली उजेड टाकून रक्ताची ये-जा बघतं. पण दर पावलाला हाताला हिसका बसतो. त्या हिसक्यांनी बिचारं गोंधळतं आणि ठोके सोडून पावलंच मोजत बसतं.”

सुनेने लगेच घरी फोन केला. मुलाला अर्थातच हे पटलं नाही. तो तडक बागेत आला. आईला त्याच झपाट्याने एक फेरी मारायला लावली आणि लगेच तिच्या मानेवर बोटं टेकवली.

“अंगठा काढ,” बाई म्हणाल्या.

शहाण्णव. घरी पोचल्यावर त्याने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर हसले. म्हणाले, व्यायाम करताना असं होतं कधी कधी. छातीला बांधायचा पट्टा मिळतो, तो जास्त भरवशाचा. तोवर आईंची बोटं चालतील.

मुलाने मोबाइल खाली ठेवला आणि हात जोडले. “जिंकलीस. खुशाल जा बागेत. आणि उद्यापासून एकटी जा. हिचीही सकाळची झोप होईल.”

एवढंच तर हवं होतं! बाई ‘हो’ म्हणणार, तेवढ्यात सून चहा आणायला उठली. टेबलापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ती चार ढांगांत पोचली. बाईंना तेवढ्याला सात पावलं लागायची.

चार आणि सात. बाईंच्या ओठांवर आलेला ‘हो’ तिथेच राहिला. वाट तीच, वेग तोच, मग हिची पावलं कमी भरायला हवीत. हिच्या मनगटावर एकशेचोवीस येण्याचं काही कारणच नव्हतं. तरी ते आले होते. आपण जितकी घाई केली, तितकी या पोरीने आपली लांब टांग मुडपून घेतली होती. पावलाला पाऊल लावून. महिनाभर. एका शब्दाने न बोलता.

सुनेने कप पुढे केला. बाईंनी कपाऐवजी आधी तिचा हात धरला.

“उद्या बरोबर यायचं,” त्या म्हणाल्या. “पण तू तुझ्या चालीने चाल. माझ्यासाठी पावलं आखडू नकोस. मी गाठीन तुला.”

सून क्षणभर गोंधळली. मग सगळं उमगून खुदकन हसली.

“नको, आई. मग एकशेचोवीस खरेच होतील.”