फक्त केबलवरून

"ताई, आईच्या घरातला कॅमेरा असा मोकळा ठेवू नकोस, बाहेरून कुणीही लॉगिन करेल," नेटवर्कचं काम करणारा माझा धाकटा भाऊ दोनदा म्हणाला होता. "करू दे की. भाजी निवडणारी म्हातारी बघून कुणाचं पोट भरणार आहे?" म्हणून मी ते हसण्यावारी नेलं.

आज दुपारी बाळाला मांडीवर घेऊन मी फोनवर आईला बघत होते. ती सोफ्यावरून उठून स्वयंपाकघराकडे निघाली. मी कशालाही हात लावला नव्हता, तरी कॅमेरा सावकाश तिच्या मागोमाग वळला. मी लगेच भावाला फोन लावला.

भावाने परगावी, त्याच्या ऑफिसात बसूनच आईच्या राउटरमधल्या फायरवॉलचा नियम बदलला. "इंटरनेटवरून लॉगिन बंद, वायफायवरूनही बंद. आता ज्याला बघायचंय त्याने आईच्या घरात जाऊन राउटरला केबल जोडायची. तुलाही दिसणार नाही, मलाही नाही. चालेल ना?"

"पळेल," मी म्हणाले. "घरात ती एकटीच असते, आणि केबल जोडणं तिला बापजन्मी जमायचं नाही."

फोनवरचं चित्र काळं झालं, तसं मला हायसं वाटलं. बाळाला खांद्यावर घेऊन थोपटायला लागले, तोच कॅमेऱ्याकडून मेल आला: "नवीन लॉगिन. मार्ग: केबल."



तुमची आई एकटी राहत असेल, तर तिला आत्ता एक फोन करा. माझी उचलत नाहीये.