सोनेरी टोपी

ऑडिटसाठी आम्ही तिघं आठवडाभर सांगलीत होतो. दिवसभर सूतगिरणीचे हिशेब तपासून डोक्याचा भुगा व्हायचा. संध्याकाळी समोरच्या हॉटेलात मटणावर ताव मारला की जीव थाऱ्यावर यायचा. तिथे वाढदिवस असला की आईस्क्रीम फुकट; शिवाय वेटरमामा वाढदिवस असणाऱ्याच्या डोक्यावर सोनेरी टोपी चढवून, टाळ्या वाजवत गाणं म्हणायचे.

मग काय! सोमवारी माझा वाढदिवस झाला, मंगळवारी हर्षलचा, बुधवारी साहेबांचा. साहेब तर चक्क लाजले.

गुरुवारी माझा वाढदिवस खरोखरच होता. मी मामांना तसं सांगितलं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मॅडम, तुमचा सोमवारी झाला की!"

साहेब रश्श्याच्या वाटीत बघू लागले. मी मात्र पापणीही न हलवता म्हणाले, "तो तारखेने होता, मामा. आज तिथीने आहे."

मामा आत गेले. आले ते आईस्क्रीमच्या दोन वाट्या घेऊन. एक माझ्यापुढे ठेवली, दुसरी घेऊन आमच्या रिकाम्या खुर्चीत बसले आणि सोनेरी टोपी स्वतःच घातली.

"माझाबी आज तिथीनंच हाय," ते म्हणाले. "वाजवा टाळ्या! आणि साहेब, गाणं तुम्ही म्हणायचं."