बारा नंबरची लाइन

टँकर एक नंबरच्या लाइनीवर जाऊन बसला.

त्सांकोकाकांनी तो बारा नंबरवर टाकला होता, निदान त्यांना तसं वाटलं होतं. पण पडद्यावरची पट्टी डाव्या टोकाला लुकलुकत होती. एक नंबरची लाइन कामगारांच्या खानावळीला खेटून जाते. तिथे पेट्रोलचा टँकर उभा करायचा नाही, हे रेल्वे यार्डातल्या मांजरांनाही ठाऊक होतं.

"चाचणीच आहे, बाहेर काही हललेलं नाही," यार्डाच्या प्रमुख रादकोवाबाई म्हणाल्या. "पुन्हा करा."

मागे खिडकीला टेकून प्लामेन उभा होता. डब्यांना लाइनी नेमायचा प्रोग्राम त्याच्या ताब्यातला. काळा पडदा, त्यावर नुसती हिरवी अक्षरं, आणि दोन्ही हातांनी तीन-तीन कळा एकदम दाबल्याशिवाय ऐकायचा नाही. एकतीस वर्षं डब्यांना लाइनी नेमून देणाऱ्या काकांचा डावा हात या हिवाळ्यात लुळा पडला, तेव्हा प्लामेननं दोन महिने खपून त्या प्रोग्रामला माउस ओळखायला शिकवलं होतं. आज काकांनी एका हातानं दहा डबे बिनचूक लावले तर त्यांची खुर्ची राहणार होती. नाहीतर सोमवारपासून फाटकावरची चौकी. खुर्ची राहिली की सगळ्यांना वाटायला लोकुमचा, त्या मऊ मिठाईचा, डबा काकांनी सकाळीच आणून ठेवला होता. चांगली बातमी मिळाली की न वाटता सुटका नसतेच. नऊ डबे सुतासारखे सरळ लागले होते. टँकर दहावा.

काकांनी पुन्हा दाबलं. पट्टी पुन्हा एक नंबरवर.

या वेळी प्लामेनच्या लक्षात आलं. काकांना दिसायला बरं म्हणून बाईंनी आज सकाळी स्वतःच्या खोलीतला रुंद पडदा इथे आणवला होता, आणि प्लामेननंच हौसेनं प्रोग्राम या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून ठेवला होता. बारा लाइनी, प्रत्येकीला वीस रकाने, एकूण दोनशे चाळीस; बारावी अगदी उजव्या टोकाला. त्यानं वापरलेल्या जुन्या पद्धतीत माउस कुठल्या रकान्यात दाबला हे एकाच अक्षरातून कळवलं जातं, आणि त्या अक्षरात दोनशे तेवीसच्या पुढचा आकडा मावत नाही. पुढे गेलं की मोजणी उलटते आणि प्रोग्राम डावं टोक धरून बसतो. ही अडचण नसलेली नवी पद्धतही होती. दोन दिवसांचं काम होतं. एवढा रुंद पडदा इथे कोण आणतंय, म्हणून त्यानं ते ठेवून दिलं होतं.

म्हणजे काकांचा हात जिथे पडायला हवा तिथेच पडत होता.

हे बोलायला एक वाक्य पुरलं असतं. पण गेल्या आठवड्यात सगळ्यांसमोर बाईंनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा प्लामेन हसत म्हणाला होता की चूक झालीच तर ती हाताची असेल, प्रोग्रामची नसेल. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. आधी खात्री करून घ्यावी, असं त्याच्या मनात आलं. नंतर बाईंना एकटं गाठून सांगावं, असंही आलं. दोन्ही कारणं तशी सभ्य दिसत होती.

काकांनी तळवा विजारीला पुसला. पडद्याला नाक लागेल इतके पुढे वाकले, बाण बाराच्या बरोबर मध्यावर नेला आणि दाबलं. एक नंबर.

मग त्यांनी लुळा डावा हात उजव्यानं उचलून टेबलावर घेतला आणि उजव्या मनगटावर ठेवला, वजन म्हणून, हात हलू नये म्हणून. तसंच चौथ्यांदा दाबलं. एक नंबर.

"हात घसरतोय, बाई," ते म्हणाले. "मला कळत नाही, पण घसरतोय. लिहा तसं."

रादकोवाबाईंना ते लिहायचं नव्हतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि कागदावर अर्धी ओळ लिहिलीही.

"थांबा," प्लामेन म्हणाला. त्याला ते दोनदा म्हणावं लागलं.

त्यानं पुढे होऊन प्रोग्रामची खिडकी ओढून निम्मी केली आणि काकांना परत दाबायला सांगितलं. पट्टी बारावर जाऊन बसली. आणखी एकदा दाबायला सांगितलं. बाराच. मग त्यानं चूक कुठे आहे आणि ती कुणाची आहे ते सांगितलं. सांगताना त्याला काकांकडे बघवेना, इतकी त्याला लाज वाटत होती.

बाईंनी ऐकून घेतलं. अर्ध्या ओळीवर काट मारली, खाली दुसरी पूर्ण ओळ लिहिली, सही केली आणि कागद काकांच्या पुढ्यात सरकवला. खुर्ची राहिली होती. काका एका हातानं कागदाची घडी घालू लागले.

"तुझ्या कधी लक्षात आलं?" बाईंनी प्लामेनला विचारलं.

"दुसऱ्या वेळी."

काकांचा हात थांबला. त्यांनी अर्धवट घातलेली घडी तशीच टेबलावर ठेवली.

"मी चार वेळा दाबलं, प्लामेन," ते म्हणाले.