काचेतलं मडकं

"या मडक्यानं जगाचे डोळे उघडले," डॉक्टर निरगुडकर माइकवर म्हणाले आणि एसी सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. गरीब वस्त्यांतल्या मधुमेहावर वीस वर्षं संशोधन केल्याबद्दल आज त्यांचा सत्कार होता. मंचावर काचेच्या पेटीत, मखमलीवर, ते मडकं विराजमान झालं होतं. ओल्या वाळूत रोवलेल्या मडक्यात इन्सुलिन फ्रिजशिवाय गार राहतं, हा डॉक्टरांचा शोध.

मडकं यल्लव्वाचं होतं. खाणीजवळच्या पत्र्याच्या घरात ती नऊ वर्षं त्यातच आपलं इन्सुलिन ठेवत आली होती. आज तिलाही दोन शब्द बोलायला आणलं होतं. काय बोलायचं ते चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. तिनं चिठ्ठी उघडलीच नाही.

"डॉक्टरसाहेब, दिवाळीत तुम्ही माझं मडकं नेलं. 'आमचं तपासलेलं मडकं येईपर्यंत दुसरं कुठलं वापरायचं नाही,' म्हणून बजावलंत. ते कधी येणार?"

"समितीची मंजुरी अगदी शेवटच्या टप्प्यात आहे, मावशी," डॉक्टर हसून म्हणाले. पहिल्या रांगेत बसलेल्या समितीनं माना डोलावल्या.

"बरं." यल्लव्वानं कमरेची पिशवी सोडली, इन्सुलिनची बाटली काढली, पेटीचं झाकण उचललं आणि बाटली मडक्यात ठेवली.

"घरी पत्र्याखाली औषध नासतंय. इथं मडक्यालासुद्धा एसी आहे," ती म्हणाली. "रोज सकाळ-संध्याकाळ टोचून घ्यायला येत जाईन. तेवढं वॉचमनला सांगून ठेवा."