राखेतलं कोबाल्ट

त्या संध्याकाळीही भास्कर गुंजाळ कामावरून आले आणि लिंबाने हात चोळत बसले. जुन्या बॅटऱ्या आम्लात विरघळवून त्यांतलं कोबाल्ट काढायचं, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. मग नेहमीसारखे त्यांनी दोन्ही तळवे मुलीच्या नाकाशी धरले.

"वृंदे, येतो का गं वास?"

"नाही, बाबा."

"मग वाढ जेवायला."

दुसऱ्या दिवशी कामावरच त्यांचं हृदय थांबलं.

दहनानंतर तिसऱ्या दिवशी वृंदा राख सावडायला गेली, तर स्मशानातला ओटा आधीच धुतलेला होता. कारखान्याचा अधिकारी बरणी घेऊन उभा होता.

"ताई, कामगाराच्या अंगात मुरलेला धातू कंपनीचा असतो, करारात आहे तसं. राख आम्लातून काढून आम्ही तेवढाच घेतलाय. ही उरलेली अगदी शुद्ध आहे. इथे सही करा."

"तीस वर्षं तो त्यांच्या अंगात जात होता, तेव्हा कुणाचा होता?"

"तेव्हा तो मोजायची पद्धत नव्हती, ताई."

वृंदाने सही केली नाही. बरणी हिसकावून तिने झाकण काढलं आणि नाक आत घातलं. कसलाच वास नव्हता.

"येत होता, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "रोज येत होता."