खाट नंबर नऊ

खाट नंबर नऊवरचा ग्रोझ्दान चहाला "छान झालाय" म्हणाला, आणि सेव्दालिना त्याच्या खाटेकडे वळली.

ग्रोझ्दानने रुसे शहरात पस्तीस वर्षं ट्रॉलीबस चालवली होती. वॉर्डात येऊन त्याला बारा दिवस झाले होते, आणि बारा दिवसांत त्याने एकाही पदार्थाला बरं म्हटलं नव्हतं. घेवड्याचं सूप म्हणजे फरशी पुसलेलं पाणी. दही म्हणजे चुना. चहाला तो जे म्हणे ते इथे लिहिता येणार नाही. असा माणूस सकाळी साडेदहाला गोड बोलायला लागला तर काय समजायचं? एकतीस वर्षं नर्स असलेल्या सेव्दालिनाला समजायचं ते समजलं. आठच्या इन्सुलिनने रक्तातली साखर खाली ओढायला घेतली होती; साखर उतरली की माणूस आधी वागण्यात बदलतो.

तिचा हात खिशातल्या, बोट टोचून साखर मोजायच्या ग्लुकोमीटरकडे गेला, आणि तिथेच थांबला.

"सिस्टर," टेबलावरून डॉ. कालोयान म्हणाला, "वेळ झाली का टोचायची?"

"नाही. पण नऊ नंबर मला ठीक दिसत नाहीये."

"स्क्रीन बघा. नऊ नंबर हिरवा आहे."

हिरवाच होता. अठराही खाटा हिरव्या होत्या. सेव्दालिना शुक्रवारी निवृत्त होणार होती. तिच्या जागी नवी नर्स मिळत नव्हती, म्हणून कॉम्प्युटरचा हा प्रोग्रॅम आणला होता. कुणाची साखर कोसळणार हे तो आधीच सांगे. वॉर्डातल्या चार वर्षांच्या नोंदी वाचून शिकला होता म्हणे. पहिल्या महिन्यात त्याची घंटा अकरा वेळा वाजली आणि अकराही वेळा खरी ठरली. डॉक्टर हरखून गेला. सोमवारी त्याने हुकूम काढला: ठरलेल्या वेळी किंवा घंटा वाजली तरच टोचायचं, मनात आलं म्हणून म्हाताऱ्यांच्या बोटांची चाळणी करायची नाही. आज बुधवार. सोमवारपासून घंटा एकदाही वाजली नव्हती, आणि वॉर्ड कसा शांत झालाय हे डॉक्टर येईल-जाईल त्याला सांगत होता.

सेव्दालिना खाटेजवळून हलली नाही. "काय हो ग्रोझ्दानदादा, आज शिव्या संपल्या वाटतं?"

"तू फार चांगली आहेस, पोरी," ग्रोझ्दान म्हणाला. कप त्याच्या हातात तिरका झाला आणि चहा पांघरुणावर सांडला. त्याला ते कळलंही नाही. कपाळावर घाम होता. डोळे तिच्याकडे होते, पण तिला बघत नव्हते.

निवृत्तीच्या दोन दिवस आधी डॉक्टरचा हुकूम मोडायचा म्हणजे शोभा करून घेणं. तिला भीती वाटली, खोटं कशाला सांगायचं. पण या माणसाला घरी एक बायको होती, आणि ती रोज दुपारी शिव्या ऐकायला बस बदलून येत होती.

तिने ग्लुकोमीटर काढला आणि त्याच्या मनगटावरचा नावाचा पट्टा स्कॅन केला; टोचण्याआधी हे करावंच लागे, म्हणजे नोंद थेट कॉम्प्युटरात जाई. टेबलावर घंटा वाजली. नऊ नंबर लाल झाला.

डॉक्टर धावत आला. तिने बोट टोचलं. दोन पूर्णांक एक. तिथल्या मापात चारच्या खाली धोका असतो, दोनपाशी माणूस हातचा जातो. ग्रोझ्दानची मान उशीवरून घसरली होती. सेव्दालिनाने त्याच्या हाताला लावलेल्या सुईतून ग्लुकोज सोडायला सुरुवात केली. एक मिनिट गेलं. दोन गेली. त्याच्या ओठांना रंग नव्हता. चौथ्या मिनिटाला त्याने डोळे उघडले आणि ओल्या पांघरुणाकडे पाहिलं.

"हे गटाराचं पाणी माझ्या अंगावर कुणी ओतलं?"

सेव्दालिनाचे डोळे भरून आले. इतकं गोड कुणी तिच्याशी बरेच दिवसांत बोललं नव्हतं.

डॉक्टरने सुटकेचा श्वास सोडला. "बघितलंत, सिस्टर? वेळेवर वाजली. उगाच विश्वास नव्हता तुमचा."

सेव्दालिना नळी नीट करत होती. तिचा हात थांबला.

"डॉक्टर, घंटा वाजली तेव्हा मी रक्त काढलंच नव्हतं. नुसता पट्टा स्कॅन केला होता."

"मग? घंटेला आधीच कळलं."

"कुठून कळलं?"

सेव्दालिना शेजारच्या खाटेकडे गेली. तिथे तोश्को नावाचा न्हावी बायकोने चोरून आणलेली लोणच्यातली मिरची खात बसला होता. नर्सला पाहून त्याने बरणी पांघरुणात लपवली. गाल लालबुंद, तब्येत ठणठणीत. तिने त्याचा पट्टा स्कॅन केला.

घंटा वाजली. दहा नंबर लाल झाला.

"मी मरतोय की काय?" तोश्को म्हणाला.

"नाही. मिरची खा तू." तरीही तिने टोचलं. सात पूर्णांक चार. ती डॉक्टरकडे वळली. "चार वर्षांच्या नोंदी म्हणालात ना? त्या चार वर्षांत अवेळी टोचत कोण फिरत होतं? त्याला साखर कळत नाही, मी अवेळी स्कॅन केलं एवढंच कळतं."

डॉक्टरने स्क्रीनवर जुन्या घंटांची यादी उघडली. त्या अकरा वेळा घंटा वाजली तेव्हा सिस्टर कुठे होती, ते त्याला आता आठवत होतं. प्रत्येक वेळी ती ग्लुकोमीटर घेऊन त्या खाटेपाशीच होती.

"पण सोमवारपासून एकदाही वाजली नाही," तो हळू आवाजात म्हणाला.

"सोमवारपासून तुम्ही मला टोचू दिलं कुठे?"

दोघांनी एकदमच उरलेल्या सोळा हिरव्या खाटांकडे पाहिलं. सेव्दालिनाने टेबलाच्या खणातून दुसरा ग्लुकोमीटर काढला आणि डॉक्टरच्या हातात ठेवला.

"तुम्ही खिडकीकडून सुरू करा, मी दाराकडून. आणि टोचण्याआधी प्रत्येकाशी दोन शब्द बोला, तोंडाकडे नीट बघा. शुक्रवारनंतर ती घंटा तुम्हालाच वाजवायचीय."